पैकी, पोट आणि इतर : मालाच्या वर्गवारीचा इतिहास



आजचा विषय वाचून चहाच्या वेळी एक-दोघांनी विचारलं, इतिहासाच्या व्याख्यानात ऑनलाइन दुकानाचा मेन्यू कशाला? प्रश्न रास्त आहे. समोर मुळशी खोऱ्यातली भात पिकवणारी माणसं बसली आहेत, बचत गटांच्या ताई आहेत, आणि मागच्या रांगेत संगणकावर दुकानं उभी करणारी मुलं-मुली आहेत. तिघांमध्ये एकाच गोष्टीवरून मतभेद होतात. दुकानाच्या डाव्या बाजूला जी यादी असते, तिच्यात आपला माल नेमका कुठे लावायचा, आणि तो दिसायला कसा दिसला पाहिजे.

ती यादी जरा डोळ्यांपुढे आणा. वर असतं 'किराणा'. त्यावर बोट ठेवलं की आत धान्य, डाळी, तेल, मसाले. धान्य उघडलं की गहू, ज्वारी, तांदूळ. तांदूळ उघडला की बासमती, कोलम, आणि सगळ्यात खाली 'इतर'. आंबेमोहोर कुठे? त्या 'इतर'च्या पोटात. म्हणजे आपल्या खाचरांत पिकणारा, ज्याच्या वासाला आंब्याच्या मोहोराचं नाव मिळालं, तो तांदूळ पाचव्या पायरीवर, बारीक अक्षरात, शेवटच्या ओळीखाली. गिऱ्हाईक तिथपर्यंत पोचत नाही. पोचलंच, तर कदाचित तोवर त्याने बासमती घेतलेला असतो. (हशा)

हे 'इतर' कुणी ठरवलं, कधीपासून ठरवलं, आणि कागदावर ते कसं मांडलं, हा सरळसरळ इतिहासाचा प्रश्न आहे.

पहिल्यांदा शब्दाकडे बघू. एका वर्गाच्या आत दुसरा वर्ग, त्याच्या आत तिसरा, याला इंग्रजीत काय म्हणतात ते सोडा. मराठीत त्याला फार चांगला शब्द आहे : पोट. पोटकलम, पोटजात, पोटहिस्सा, पोटखराबा, पोटभाडेकरू. मोठ्याच्या पोटात धाकटं. आणि मुळशीला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही, कारण इंग्रजी अमलात मुळशी हा स्वतंत्र तालुकाच नव्हता. तो हवेली तालुक्याच्या पोटातला 'पेटा' होता. जुने कागद काढलेत तर 'मुळशी पेटा' असंच सापडेल. म्हणजे जिल्हा पुणे, त्याच्या पोटात हवेली, त्याच्या पोटात मुळशी. तुम्ही स्वतःच तिसऱ्या पायरीवर होता.

'पेटा' हा शब्द लक्षात ठेवा, तो थोड्या वेळाने पुन्हा येणार आहे, वेगळ्या वहीत.

आता मागे जाऊ. मालाची वर्गवारी करण्याची आपल्याकडची सगळ्यांच्या परिचयाची जुनी चौकट म्हणजे अमरकोश. पाठशाळेत पाठ करायचा शब्दकोश. त्याची तीन कांडं, म्हणून त्याला त्रिकांडी म्हणायचे. कांडाच्या आत वर्ग, वर्गाच्या आत शब्द. झाला की नाही तीन पायऱ्यांचा मेन्यू? यात धान्य कुठे येतं, तर दुसऱ्या कांडात, वैश्यवर्गात. शेती, गुरं, धान्य, वजनमापं, खरेदीविक्री, सगळं तिथे. मागे ब्राह्मणांचा वर्ग, क्षत्रियांचा वर्ग, पुढे शूद्रांचा. म्हणजे वस्तूंची वर्गवारी ही माणसांच्या वर्गवारीच्या पोटात घातलेली आहे. वस्तू कशी आहे यापेक्षा ती कुणाच्या हातातली आहे यावरून तिची जागा ठरते. ही सवय आपल्याकडून पूर्ण गेली असं मला वाटत नाही.

तिथे तांदळाचं काय केलंय ते फार मजेशीर आहे. साळीचे प्रकार सांगताना कोशकार दोन नावं घेतो : कलम वगैरे, आणि साठ दिवसांत तयार होणारं षष्टिक वगैरे. 'वगैरे' म्हणजे संस्कृतात 'आदी'. दोन जातींना नाव मिळालं, बाकी साऱ्या 'आदी'त. आपल्या यादीतल्या 'इतर'चा हा पणजोबा. श्लोकात जागा कमी, म्हणून 'आदी'. मोबाइलच्या पडद्यावर जागा कमी, म्हणून 'इतर'.

त्यानंतर शिवकाळात या. राज्याभिषेक १६७४ सालचा. त्या सुमारास महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांनी राज्यव्यवहारकोश सिद्ध केला. फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा हा कोश. आपण त्याच्याकडे भाषाशुद्धीचा ग्रंथ म्हणून बघतो, ते बरोबरच आहे. पण मला त्याची अनुक्रमणिका जास्त आवडते. दहा वर्ग : राज, कार्यस्थान, भोग्य, शस्त्र, चतुरंग, सामंत, दुर्ग, लेखन, जनपद आणि शेवटी पण्य. पण्य म्हणजे विकाऊ माल. अमरकोशात माल वैश्याच्या पोटात होता, इथे बाजाराला स्वतंत्र वर्ग मिळाला. शेवटचा का होईना, पण पहिल्या पायरीवर. कारण हा कोश पंडिताच्या घरासाठी नव्हता, कारखान्यात, गडावर, चावडीवर काम करणाऱ्या माणसासाठी होता. शब्द ज्या ठिकाणी लागणार, तिथे तो सापडला पाहिजे, असा हिशेब. वर्गवारी वापरणाऱ्याच्या बाजूने बदलता येते, याचा हा आपल्या घरातला दाखला आहे.

आता दिसण्याकडे येतो. मागच्या रांगेतल्या मुलांनी इथे कान द्यावा.

वर्गाच्या आत वर्ग आहे हे कागदावर दाखवायचं कसं? इंग्रजी लिहिणारा मोठी अक्षरं, लहान अक्षरं, तिरकी अक्षरं वापरतो. मथळा सगळा मोठ्या अक्षरांत, खालचं साध्या. आपल्या लिपीत मोठं अक्षर-लहान अक्षर हा भेदच नाही. मोडीत तर शब्दांमध्ये जागा सोडायचीही पद्धत नव्हती, आणि विरामचिन्हंही नव्हती. आधी ओळभर शिरोरेघ ओढायची आणि तिला अक्षरं टांगत जायची. मग हजारो कलमांचा ताळेबंद वाचणाऱ्याला कसं कळायचं, की ही मुख्य रक्कम आणि ही तिच्या पोटातली?

कारकुनांनी तीन गोष्टींवर हे काम भागवलं. एक रेघ. मथळ्याची रेघ लांब, पोटकलमाची आखूड. दुसरी जागा. वरची रक्कम रुंद जागेत, तिचा तपशील खाली अरुंद रकान्यांत वाटलेला. आणि तिसरी गोष्ट म्हणजे शब्द. 'पैकी', 'बितपशील', 'बेरीज'. या तीन शब्दांवर मराठी राज्याचा हिशेब चालला असं म्हटलं तर फार चूक होणार नाही. एवढी जमा, पैकी इतकी अमक्याकडून, पैकी इतकी तमक्याकडून. 'पैकी' आला की वाचणाऱ्याला कळतं, आता आपण एक पायरी खाली उतरलो. 'बेरीज' आली की परत वर आलो. संगणकाच्या भाषेत यादी उघडायची खूण आणि बंद करायची खूण असते ना? तेच. पुण्याच्या पेशवे दफ्तरात असे रुमालच्या रुमाल आहेत. मोडी येत नसेल तरी एकदा जाऊन नुसती मांडणी बघा. अक्षर न वाचता, कुठलं कलम कुणाच्या पोटात आहे हे पुष्कळदा सांगता येतं.

व्यापाऱ्याची वही याहून सुटसुटीत. देशी नाम्याच्या वहीला आखलेल्या रेघा नसत. पानाला उभ्या घड्या घालून सळ पाडायचे. आठ सळ : चार जमेचे, चार नावेचे. या चारांतला पहिला सळ तो सिरा, म्हणजे डोकं. तिथे मुख्य रक्कम. उरलेले तीन सळ म्हणजे पेटा. तिथे त्या रकमेचा आतला तपशील. बघा, आला की नाही तो शब्द परत! हवेलीच्या पोटातला मुळशी पेटा आणि वहीतला पेटा. पानाच्या डाव्या कडेपासून किती घड्या आत सरकलात, यावर तुमची पायरी ठरते. आज तुम्ही मेन्यूत धाकट्या वर्गाला डावीकडून थोडं आत सरकवता, मुलं त्याला पॅडिंग म्हणतात, ते काम सावकाराच्या वहीत नखाने दाबलेल्या घडीने होत होतं.

फक्त एक फरक आहे, आणि तो सगळ्यात महत्त्वाचा आहे असं माझं मत आहे. हिशेबाच्या वहीत एक रुपया एकाच ठिकाणी लिहिता येतो. दोन ठिकाणी लिहिला तर बेरीज चुकते. म्हणून हिशेबाच्या वर्गवारीत प्रत्येक लेकराला एकच बाप. दुकानाच्या यादीची बेरीज करायची नसते! आंबेमोहोर 'तांदूळ'मध्येही असू शकतो, 'मुळशीचा माल' मध्येही, 'बाळाची पेज आणि मऊ भात' यामध्येही. तीन ठिकाणी लावला तर काहीही बिघडत नाही, पोतं एकच राहतं. पण बहुतेक ऑनलाइन दुकानांचे मेन्यू साठ्याच्या वहीतून जसेच्या तसे उचललेले असतात. वही ठेवणाऱ्याची सोय गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडते.

आणि एकच बाप मानला तर नातीही चुकतात. इंद्रायणी तुम्ही सगळेच लावता. तो १९८७ साली वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आलेला वाण, आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून. एक आई याच डोंगरातली, दुसरी फिलिपीन्सची. यादीत मात्र इंद्रायणी आणि आंबेमोहोर शेजारी शेजारी सख्ख्या भावंडांसारखे, नाहीतर एकाला स्वतःची ओळ आणि दुसरा 'इतर'मध्ये.

आता पोटातल्याचं वास्तवात काय होतं, याचं या खोऱ्यातलं उदाहरण घेतल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. मुळशीचं धरण. टाटा कंपनीचा वीजप्रकल्प, नीला आणि मुळा नद्यांच्या संगमाजवळ. १६ एप्रिल १९२१, रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे, आणि घरच्या भाकरी बांधून आलेले मावळे, बायामाणसं. बावन्न गावांचा प्रश्न होता. १९२४ पर्यंत लढा चालला, आणि शेवटी खाचरं पाण्याखाली गेली. हे तुम्हाला ठाऊक आहे, तुमच्यापैकी काहींच्या घरचंच आहे ते.

मी एवढंच दाखवतो, की त्या लढ्यात एक कागदाचा पेच होता. जमीन कसणारा मावळा, पण कागदावर मालक म्हणून नाव पुष्कळदा पुण्यातल्या सावकाराचं. भूसंपादनाचा कायदा बोलणार तो कागदावरच्या वरच्या नावाशी. कूळ खातेदाराच्या पोटात. त्यामुळे मोबदला वाढवून मिळण्यात ज्याचं हित, तो आणि जमीनच सुटू नये असं वाटणारा, हे दोघे एकाच ओळीखाली होते आणि ओळीवर नाव एकाचंच होतं. सत्याग्रहात पुढे जी फाटाफूट झाली, तिच्या मुळाशी ही गोष्ट मोठी आहे. आजच्या सातबाऱ्यावरही बघा, 'इतर अधिकार' असा एक रकाना आहे. बोजा तिथे, विहिरीचा हक्क तिथे, आणि कुळाची नोंदही तिथे. 'इतर'मध्ये कोण आहे ते वाचायची सवय या खोऱ्याने तरी सोडू नये.

बाजाराकडे वळतो. इथला तांदूळ उतरायचा तो पुण्यात. पुणं हे चालत फिरायचं वर्गीकरण आहे. पेठांना वारांची नावं, आणि पेठांच्या पोटात मालाच्या, कारागिरांच्या आळ्या : तांबट आळी, बोहरी आळी. शहर, पेठ, आळी, दुकान. चार पायऱ्या. पण तिथे एक सुख आहे, आळीच्या तोंडाशी उभं राहिलं की सगळी दुकानं एकदम दिसतात. काही मिटलेलं नसतं. भांडं घ्यायला आलेल्या माणसाला शेजारचा बंबही दिसतो. आणि आत शिरताना मागची पेठ नाहीशी होत नाही.

हेच तत्त्व इमारतीत बांधलं ते मंडईत. १८८६ साली ती सुरू झाली, तेव्हा नाव रे मार्केट. मध्ये अष्टकोनी मनोरा आणि त्यातून बाजूंना फुटलेले पंख. मध्ये उभं राहा आणि ठरवा कुठल्या बाजूला जायचं. जोतीराव फुल्यांनी या खर्चाला विरोध केला होता, हा पैसा शिक्षणावर घाला म्हणून. पुढे अत्र्यांच्या पुढाकाराने त्याच मंडईला फुल्यांचं नाव दिलं गेलं. पुण्यात असं होतं. (हशा) असो.

मंडईतून एकदम जकातीच्या पुस्तकात जातो, कारण तुमच्या 'इतर'ची सरकारी जन्मनोंद तिथे आहे. जगभरच्या मालाला आकडे देणारी एक जागतिक पद्धत १ जानेवारी १९८८ पासून लागू झाली. तुमच्या बिलावर एचएसएन म्हणून जो आकडा छापतात, तो हाच. पहिले दोन आकडे प्रकरणाचे : १० म्हणजे तृणधान्यं. चार आकडे झाले की १००६, तांदूळ. सहा झाले की १००६ ३०, सडलेला तांदूळ. इथपर्यंत सगळं जग सारखं. पुढचे दोन आकडे प्रत्येक देश आपापले ठरवतो. भारताने काय ठरवलं? उकडा तांदूळ एक, बासमती एक, आणि तिसरं 'इतर'. बासमतीला स्वतःचा आकडा, आणि आंबेमोहोर, घनसाळ, गोबिंदभोग, काळा नमक सगळे एका पोत्यात. आकडा नसला म्हणजे किती माल बाहेर गेला ते वेगळं मोजता येत नाही. मोजता आलं नाही, तर त्याच्यासाठी वेगळा नियम करता येत नाही. साध्या तांदळाची निर्यात बंद झाली, की सुवासिक देशी वाणही त्याबरोबर बंद. एका ओळीचा हा परिणाम. २०२५ साली यात बदल झाला आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या तांदळांसाठी वेगळे आकडे आले. आंबेमोहोराला ते मानांकन आहे. म्हणजे सरकारच्या पुस्तकात तो 'इतर'च्या पोटातून बाहेर आला. आपल्याच दुकानांत अजून आत आहे.

या पुस्तकातली मांडणीही सांगून टाकतो. तिथे पायरी दाखवायला नावाच्या आधी लहान आडव्या रेघा असतात. एक रेघ, दोन रेघा, तीन रेघा. ही नक्षी नाही, कायदा आहे. कुठली ओळ कुणाच्या पोटातली हे रेघा मोजून ठरतं, आणि त्यावर जकात ठरते. वकील त्या रेघांवरून भांडतात. दिसणं आणि असणं तिथे वेगळं काढता येत नाही.

आता संगणक. १९९४ साली अमेरिकेत दोन विद्यार्थ्यांनी इंटरनेटवरच्या पानांची एक वर्गवार यादी सुरू केली, तिचं पुढे याहू झालं. वर्गाच्या पोटात वर्ग. जग त्या यादीत मावेल अशी त्यांची समजूत होती. मावलं नाही. लोक शोधायला लागले, यादी उतरून जाणं सोडलं, आणि २०१४च्या अखेरीस ती यादी बंद झाली. योगायोग असा, की त्याच वर्षी मोडी लिपीला युनिकोडमध्ये जागा मिळाली. यादी गेली, आणि यादी लिहिणाऱ्यांची लिपी आली.

दुकानांतला मेन्यू मात्र टिकला. पानाचा मजकूर वेगळा आणि त्याचा पोशाख वेगळा, ही कल्पना त्याच १९९४ साली मांडली गेली. डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएसची पहिली नियमावली आली. मजकुरात यादीच्या पोटात यादी नुसती लिहायची, आणि ती आडवी दिसावी का उभी, मिटलेली का उघडी, हे पोशाखाच्या कागदावर ठरवायचं. २००३च्या सुमारास माउस नेला की पोटयादी खाली लोंबकळणारा मेन्यू जवळपास निव्वळ सीएसएसवर करण्याची एक युक्ती फार गाजली. त्या वेळचा इंटरनेट एक्सप्लोरर सहा फक्त दुव्यावर माउस आलेला ओळखायचा, यादीच्या ओळीवर आलेला नाही, म्हणून त्याच्यासाठी छोटासा वेगळा प्रोग्रॅम जोडावा लागे. माउस तिरका गेला की मेन्यू पटकन मिटायचा, तो त्रास वेगळाच.

मग हातात मोबाइल आला आणि हे सगळं कोसळलं. बोट हवेत धरून मेन्यू उघडत नाही. माउसचं घिरटी घालणं संपलं, एकेक ओळ दाबून उघडायची पाळी आली. प्रत्येक पायरीला एक दाब. पाचव्या पायरीवरचा आंबेमोहोर म्हणजे पाच दाब, आणि प्रत्येक वेळी आधीची यादी पडद्याबाहेर. आळीच्या तोंडाशी उभं राहून सगळं दिसण्याचं सुख गेलं ते इथे.

आणि या तयार पोशाखांत आपली लिपी गृहीत धरलेली नसते. विकत किंवा फुकट मिळणाऱ्या बहुतेक साच्यांत वरचा वर्ग दाखवायची रीत काय? सगळी अक्षरं मोठी करा आणि अक्षरांत थोडं अंतर सोडा. देवनागरीत पहिल्या सूचनेने काहीच होत नाही, कारण मोठं अक्षर नाहीच. दुसऱ्या सूचनेने शिरोरेघ तुटते. 'तांदूळ' हा शब्द त, द, ळ असा फुटलेला दिसतो, जसा गिरणीतून कणी होऊन आला. तिसरं, पोटवर्गाला तिरकं करतात. आपल्या अक्षरांना तिरकं करणं म्हणजे उभ्या भिंतीला ढकलणं. आणि ओळीची उंची इंग्रजीच्या मापाने ठेवली, की वरची वेलांटी, रफार, अनुस्वार कापले जातात आणि खालचा उकार पुढच्या ओळीत घुसतो. 'कोथिंबीर' वाचून बघा अशा दुकानात. मग मुलं म्हणतात, मराठीत मेन्यू चांगला दिसत नाही, इंग्रजीच ठेवू. मराठीत मेन्यू तीनशे वर्षं चांगला दिसत होता. साचा परका आहे.

त्यामुळे माझं म्हणणं असं, की मराठी दुकानाच्या मेन्यूचा पोशाख शिवताना कारकुनाकडे बघा. वरचा वर्ग ठळक करा आणि त्याच्याखाली पूर्ण रुंदीची रेघ द्या. पोटवर्ग साध्या वजनात, एक सळ आत, आखूड रेघेखाली. तिसरी पायरी असलीच तर आणखी एक सळ आत, आणि तिथे थांबा. मोबाइलच्या रुंदीत चौथा सळ मावत नाही. अक्षरांतलं अंतर शून्यावर ठेवा. ओळीची उंची अक्षराच्या दीडपटीहून थोडी जास्तच. पानाची भाषा मराठी आहे हे संगणकाला सांगायला विसरू नका. टंकात सोय असेल तर ल आणि श आपल्या वळणाचे उमटतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. मिटलेल्या वर्गापुढे आत किती वस्तू आहेत तो आकडा लिहा. 'तांदूळ, पैकी ७' असं लिहिलंत तरी माझी हरकत नाही, उलट मला आनंदच होईल.

आणि आंबेमोहोर पाचव्या पायरीवरून दुसऱ्या पायरीवर आणा. तांदूळ पिकवणाऱ्याच्या दुकानात 'किराणा' आणि 'धान्य' या दोन पायऱ्या हव्यातच कशाला? त्या किराणा दुकानदाराच्या. तुमचा पहिला वर्ग 'मुळशीचा तांदूळ', त्याच्या पोटात वाण. दुसरा वर्ग कशासाठी लागतो त्यावरून : रोजचा भात, मऊ भात आणि पेज, नैवेद्य, खीर. बाजारात दिसायला तसाच आखूड दाण्याचा दुसरा तांदूळ आंबेमोहोर म्हणून खपवला जातो, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. 'इतर'मध्ये पडलेल्या मालाची अशी चोरी सोपी असते, कारण तिथे गाव लिहिलेलं नसतं. स्वतःची ओळ असली की तिच्या पोटात गाव लिहिता येतं, हंगाम लिहिता येतो, नवा का जुना ते लिहिता येतं. आपल्या घरातली बाई तांदूळ घेताना आधी विचारते काय? जुना आहे का? मग तो प्रश्न मेन्यूत पाहिजे. मी पाहिलेल्या बहुतेक मेन्यूंत पॅकेटाचा आकार असतो, जुना-नवा नसतो.

एक चिठ्ठी आली आहे, ती घेऊन थांबतो. "'इतर' हा वर्ग काढूनच टाकावा का?" नाही, काढू नका. अमरसिंहालाही 'आदी' लिहावं लागलं. उद्या कुणी काळभाताची दहा किलो घेऊन आलं तर त्याला बसायला जागा हवी. पण 'इतर' कधी मिटलेला ठेवू नका, आणि नुसता 'इतर' लिहू नका. आतल्या दोन-तीन जातींची नावं बाहेर घ्या : 'काळभात, रायभोग, कमोद आणि इतर'. मोबाइलच्या रुंदीत एवढं दोन ओळींत मावतं.